टीसीएल/टीके: युनिक्स वर्कस्टेशनवर स्वतःची प्रत बसवताना

चिप डिझाइनच्या कंपनीत नव्याने रुजू झालात, तर टीसीएलशी गाठ पडायला फार दिवस लागत नाहीत. सिनॉप्सिस आणि केडन्सची टूल्स असोत की एएमडीचं (पूर्वीच्या झायलिंक्सचं) विवाडो, त्यांच्याकडून काम करून घ्यायची भाषा हीच. इंजिनिअर मंडळी तिला ‘टिकल’ म्हणतात. तिच्या जोडीला येतो टीके, म्हणजे विंडो, बटणं, मेन्यू, यादी असं सगळं पडद्यावर उभं करणारा संच. पायथनमध्ये टीकिंटर वापरून एखादं छोटं ॲप केलं असेल, तर तुम्ही आधीच टीके वापरलेला आहे, कारण टीकिंटर म्हणजे टीकेवर चढवलेला पायथनचा थर. गिटबरोबर येणारे गिटके आणि गिट गुई हे दोन्ही प्रोग्राम तर सरळ टीसीएल/टीकेतच लिहिलेले आहेत.

हा लेख नवख्यांसाठी आहे. लिनक्स, बीएसडी किंवा तत्सम युनिक्स मशीनवर टर्मिनल उघडून फाइली इकडून तिकडे नेता येतात, एवढं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो.

आधी थोडा इतिहास, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ त्यात आहे. जॉन आउस्टरहाउट बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत होते. त्यांचा गट इंटिग्रेटेड सर्किट आखायची सॉफ्टवेअर लिहायचा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःची एक तोकडी कमांड-भाषा असायची. त्यापेक्षा एकच नीट भाषा लायब्ररीच्या रूपात बनवावी आणि ज्याला हवी त्याने ती आपल्या प्रोग्रामात घालावी, या विचाराने त्यांनी १९८८ मध्ये टीसीएलचं काम सुरू केलं. युनिक्सच्या पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमसाठीचा टीके त्यामागोमाग आला आणि १९९१ च्या हिवाळी यूझनिक्स परिषदेत त्यावरचा निबंध वाचला गेला. त्या काळी मोटिफ नावाचा विंडो-बटणांचा संच वापरून सी भाषेत एक बटण पडद्यावर आणायला पानभर कोड लागायचा. टीकेमध्ये तेच काम दोन ओळींत होऊ लागलं. १९९७ मध्ये एसीएम या संस्थेने त्यांना याच कामासाठी सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट ही, की टीसीएल आधी लायब्ररी आहे आणि मग प्रोग्राम. टर्मिनलवर चालवतो तो टीसीएलएसएच हा त्या लायब्ररीला जोडलेला एक छोटा प्रोग्राम आहे, आणि विश हा तसाच दुसरा, फक्त त्याला टीकेची लायब्ररीही जोडलेली असते. साहजिकच प्रत्येक मोठं टूल आपल्याबरोबर टीसीएलची स्वतःची प्रत घेऊन येतं आणि एकाच मशीनवर चार-पाच प्रती सहज नांदतात. बसवणं फारसं अवघड नाही. आत्ता नेमकी कोणती प्रत चालते आहे, हे ओळखणं हेच खरं काम आहे.

लेखातल्या कमांड वाचण्याबद्दल

इथे सगळं देवनागरीत आहे, त्यामुळे कमांड, फाइलींची नावं आणि पर्यायही देवनागरीतच लिहिले आहेत. टर्मिनलवर टाइप करताना ते रोमन लिपीत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहा आणि आकडे इंग्रजी अंकांत. सगळी अक्षरं लहान. अपवाद दोन: होम, डिस्प्ले, टीसीएल_लायब्ररी यांसारखी एन्व्हायरन्मेंटमधली (शेल प्रत्येक प्रोग्रामला पुरवतो त्या सेटिंगमधली) नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि जिथे एखादंच अक्षर मोठं हवं तिथे मी तसं सांगेन. डॅश, बिंदू, कंस, डॉलर ही चिन्हं जशी दिसतात तशीच घ्यायची. अवतरणचिन्हांतला मराठी मजकूरही देवनागरीतच ठेवायचा.

आधी मशीनवर काय आहे ते पाहा

विच -ए विश टीसीएलएसएच

या कमांडने शेलच्या पाथमधल्या, म्हणजे शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीतल्या, सगळ्या प्रती ओळीने दिसतात. प्रत्येक नावाची सर्वांत वरची ओळ म्हणजे नुसतं नाव टाइप केल्यावर जी चालेल ती प्रत. दोन-तीन ओळी आल्या तर घाबरू नका, पण त्या लिहून ठेवा.

आता टीसीएलएसएच चालवा. टक्क्याच्या चिन्हाचा प्रॉम्प्ट येईल. तिथे या चार ओळी एकेक करून द्या:

इन्फो पॅचलेव्हल
इन्फो नेमऑफएक्झिक्युटेबल
इन्फो लायब्ररी
पुट्स $ऑटो_पाथ

पहिलीतून नेमकी आवृत्ती कळते, दुसरीतून चालू प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, तिसरीतून भाषेच्या मूळ स्क्रिप्ट कुठून उचलल्या ते, आणि चौथीतून पुढे जोडायची पॅकेजं कुठे कुठे शोधली जातील ती यादी. टीसीएलबद्दल एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही लावा. काहीही बिघडलं की आधी ही चार उत्तरं पाहायची. प्रोग्राम एका डिरेक्टरीतला आणि लायब्ररी दुसऱ्याच आवृत्तीची असं दिसलं, तर पुढे शोधायची गरजच उरत नाही. बाहेर पडायला एक्झिट.

त्यानंतर विश चालवून पाहा. पडद्यावर छोटी रिकामी विंडो यायला हवी आणि टर्मिनलमध्ये तोच टक्क्याचा प्रॉम्प्ट. विंडो आली तर टीके शाबूत आहे.

पॅकेजातून बसवणं

मशीन तुमचं स्वतःचं असेल आणि सुडोचा (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवायचा) अधिकार असेल, तर सोर्सच्या वाटेला जायचं कारण नाही. डेबियन किंवा उबुंटूवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल टीसीएल टीके

फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात एपीटीऐवजी डीएनएफ, पॅकेजांची नावं तीच. पुढे सी भाषेतलं एखादं एक्स्टेन्शन कंपाइल करायचं असेल तर हेडर फाइली वेगळ्या घ्याव्या लागतात: डेबियनवर टीसीएल-डेव्ह आणि टीके-डेव्ह, फेडोरावर टीसीएल-डेव्हेल आणि टीके-डेव्हेल. फ्रीबीएसडीवर पॅकेजाच्या नावातच आवृत्ती असते, टीसीएल८६ आणि टीके८६, आणि प्रोग्रामचं नावही विश८.६ असं आकड्यासह येतं. मॅकवर ॲपलने दिलेली ८.५ ही जुनाट प्रत वापरू नका. होमब्रूमधून टीसीएल-टीके घ्या.

पायथनसाठी आला असाल तर टीके बसवूनही ‘टीकिंटर सापडत नाही’ असा संदेश येऊ शकतो, कारण लिनक्स वितरणं पायथनचा तो भाग वेगळा ठेवतात. डेबियनवर पायथन३-टीके आणि फेडोरावर पायथन३-टीकिंटर हे पॅकेज बसवा आणि पायथन३ -एम टीकिंटर ही कमांड देऊन तपासा. आवृत्तीचा आकडा दाखवणारी छोटी विंडो उघडली की झालं.

८.६ घ्यायची की ९.०?

८.६ डिसेंबर २०१२ मध्ये आली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. ९.० सप्टेंबर २०२४ मध्ये आली. नवीन आवृत्तीत बरंच चांगलं आहे: दोन गीगाबाइटपेक्षा मोठा डेटा हाताळता येतो, युनिकोडचा पूर्ण पल्ला मिळतो, स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे असं गृहीत धरलं जातं. पण काही जुन्या सवयी मोडतात. फाइलच्या नावाआधीचं ‘~’ चिन्ह आता आपोआप होम डिरेक्टरीत बदलत नाही, आणि शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान मानली जात नाही. ऑफिसच्या टूलसाठी शिकत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: ८.६ घ्या. टूलच्या पोटातली प्रत ८.५ किंवा ८.६ असण्याचीच शक्यता जास्त, आणि स्क्रिप्ट शेवटी तिथेच चालायची आहे. स्वतःचं काही नवं लिहिणार असाल तर ९.० खुशाल घ्या.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. टीसीएल आणि टीके एकाच आवृत्तीचे हवेत. टीके ८.६ हा टीसीएल ९.० मध्ये चढत नाही.

सोर्समधून, स्वतःच्या होम डिरेक्टरीत

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या सामाईक मशीनवर सुडो मिळत नाही, आणि तिथली प्रत जुनी असते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ वर ८.५ च होती. अशा वेळी स्वतःच्या होम डिरेक्टरीत स्वतंत्र प्रत बांधणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाचं काही बिघडत नाही, आणि नको झालं की एक डिरेक्टरी पुसली की काम संपलं. सी कंपायलर आणि मेक मात्र मशीनवर हवेत.

टीसीएल आणि टीके या दोन्हींचे सोर्स वेगवेगळ्या टार फाइलींत सोर्सफोर्जवर मिळतात. दोन्ही एकाच आवृत्तीचे उतरवा. उदाहरणादाखल इथे ८.६.१६ धरू. दोन्ही टार फाइली एकाच डिरेक्टरीत सोडवा, म्हणजे टीसीएल८.६.१६ आणि टीके८.६.१६ अशा दोन डिरेक्टऱ्या शेजारी-शेजारी येतील. प्रत्येकीत युनिक्स नावाची उपडिरेक्टरी आहे. बांधणी तिथूनच करायची. वरच्या डिरेक्टरीत कॉन्फिगर शोधत बसू नका, ते तिथे नाही.

सीडी टीसीएल८.६.१६/युनिक्स
./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/टीसीएलटीके
मेक
मेक टेस्ट
मेक इन्स्टॉल

प्रिफिक्स दिला नाही तर सगळं यूएसआर/लोकलमध्ये जाऊ पाहतं आणि शेवटच्या पायरीवर परवानगी नाकारली जाते. मेक टेस्टला थोडा वेळ लागतो, पण तो टाळू नका. नेटवर्कशी संबंधित एखाद-दुसरी चाचणी तुमच्या मशीनच्या सेटिंगमुळे पडू शकते, त्याने बिघडत नाही. भाषेच्या मूळ कमांडच्या चाचण्या धडाधड पडत असतील तर मात्र थांबून कंपायलर तपासा.

आता टीके. याला एक्सच्या हेडर फाइली लागतात: डेबियनवर लिबएक्स११-डेव्ह आणि लिबएक्सएफटी-डेव्ह, रेड हॅटकडे लिबएक्स११-डेव्हेल आणि लिबएक्सएफटी-डेव्हेल. रेड हॅटच्या नावांत एक्स११ आणि एक्सएफटी यांतला एक्स मोठा लिहायचा. या फाइली नसतील तर एवढ्यापुरती ॲडमिनना विनंती करावी लागेल.

सीडी ../../टीके८.६.१६/युनिक्स
./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/टीसीएलटीके --विथ-टीसीएल=$होम/टीसीएलटीके/लिब

--विथ-टीसीएल या पर्यायात टीसीएलकॉन्फिग.एसएच ही फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिचा पत्ता द्यायचा असतो. या फाइलच्या नावातला कॉन्फिगचा सी मोठा आहे. शेजारच्या डिरेक्टरीतला टीसीएल कॉन्फिगरला बऱ्याचदा आपोआप सापडतो, तरी पत्ता स्वतः द्यावा. नाहीतर कधीकधी तो सिस्टिमची जुनी प्रत धरून बसतो आणि घोळ फार उशिरा कळतो.

कॉन्फिगर चालताना टर्मिनलवर ओळी भराभर सरकतात. त्यांतली एक ओळ मुद्दाम शोधा: एक्सएफटी (गुळगुळीत अक्षरं काढणारी लायब्ररी) वापरायचं की नाही हे तपासल्याची. तिच्या शेवटी ‘नो’ असेल तर पुढे जाऊ नका. एक्सएफटी नसेल तरी टीके तक्रार न करता बांधला जातो, पण मग तो एक्सचे जुने बिटमॅप फॉन्ट वापरतो. अक्षरं दातेरी दिसतात आणि देवनागरी फॉन्ट तर मिळतच नाहीत. लिबएक्सएफटीचं हेडर पॅकेज बसवून कॉन्फिगर पुन्हा चालवा. उत्तर ‘येस’ आलं की मेक आणि मेक इन्स्टॉल. टीकेच्या मेक टेस्टमध्ये पडद्यावर विंडो उघडतात आणि मिटतात, तेवढा वेळ माउसला हात लावू नका. विंडो मॅनेजर प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे त्यातल्या काही चाचण्या पडणं स्वाभाविक आहे.

बिन डिरेक्टरीत आता टीसीएलएसएच८.६ आणि विश८.६ दिसतील. आकडा नसलेलं नाव आपल्याला स्वतः जोडावं लागतं:

सीडी $होम/टीसीएलटीके/बिन
एलएन -एस टीसीएलएसएच८.६ टीसीएलएसएच
एलएन -एस विश८.६ विश

सगळं नीट बसलं का, हे पाहायला टीकेबरोबर येणाऱ्या नमुन्यांइतकं चांगलं साधन नाही. लिब/टीके८.६/डेमोज या डिरेक्टरीत विजेट नावाची फाइल आहे, ती विशने चालवा. बटणापासून कॅनव्हासपर्यंत टीकेतला जवळजवळ प्रत्येक घटक तिथे हाताळून बघता येतो आणि प्रत्येक नमुन्याचा कोडही तिथल्या तिथे उघडतो. नवख्या माणसाने यावर एक अख्खी दुपार घालवावी असं मला मनापासून वाटतं.

एन्व्हायरन्मेंट: इथेच सगळं अडतं

शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत, म्हणजे बॅश असेल तर .बॅशआरसीमध्ये, एवढी एकच ओळ पुरते:

एक्स्पोर्ट पाथ=$होम/टीसीएलटीके/बिन:$पाथ

जुन्या मार्गदर्शिकांत टीसीएल_लायब्ररी, टीके_लायब्ररी आणि एलडी_लायब्ररी_पाथ हेही भरायला सांगतात. भरू नका. नीट इन्स्टॉल केलेल्या प्रतीला आपली लायब्ररी कुठे आहे हे बांधणीच्या वेळीच कळलेलं असतं. ही नावं भरलीत की मशीनवरच्या इतर सगळ्या टीसीएल प्रतीही त्याच पत्त्यावर जाऊ लागतात आणि एकेक करून कोलमडतात.

‘वापरण्याजोगी इनिट.टीसीएल सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आणि त्याखाली डिरेक्टऱ्यांची लांब यादी कधी ना कधी तुमच्या समोर येईलच. याच्या जोडीचा दुसरा संदेश म्हणजे टीसीएलची अमुक आवृत्ती आहे पण नेमकी तमुक हवी, असा आवृत्तीच्या भांडणाचा. दोन्हींचा अर्थ एकच: प्रोग्राम एका प्रतीचा आणि स्क्रिप्ट दुसऱ्या प्रतीच्या. हे बहुधा असं घडतं. सकाळी चिप डिझाइनच्या टूलची सेटअप स्क्रिप्ट चालवली. तिने टूलच्या सोयीसाठी टीसीएल_लायब्ररी आणि एलडी_लायब्ररी_पाथ भरले. दुपारी त्याच टर्मिनलमध्ये गिटके टाइप केलं आणि सिस्टिमच्या विशच्या हाती टूलची लायब्ररी पडली. गिटके मोडलेलं नाही, टूलही मोडलेलं नाही. आधी पाहा:

एन्व्ह | ग्रेप -आय टीसीएल
एलडीडी $(विच विश)

दुसऱ्या कमांडमुळे विश कोणत्या लायब्ररी फाइली उचलतो ते उघड होतं. आणि तात्पुरता, पण पूर्ण सुरक्षित उपाय हा:

एन्व्ह -यू टीसीएल_लायब्ररी -यू टीके_लायब्ररी -यू एलडी_लायब्ररी_पाथ गिटके

म्हणजे तेवढ्या एका प्रोग्रामपुरती ती नावं पुसली जातात, टूलचं काम अबाधित राहतं. हीच ओळ एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवली की रोजची कटकट मिटते.

स्वतःची पॅकेजं कुठे आहेत हे सांगायला टीसीएललिबपाथ वापरता येतं. हा शब्द मधे अंडरस्कोर न घालता सलग लिहायचा. त्यात एकापेक्षा जास्त डिरेक्टऱ्या द्यायच्या असतील तर मधे जागा सोडायची, पाथसारखा कोलन नाही. कोलन दिला तर ती सगळी ओळ एकाच विचित्र नावाची डिरेक्टरी समजली जाते आणि काहीच सापडत नाही. टीसीएललिब आणि टीकेलिब हे तयार कोडचे दोन मोठे संग्रह मात्र जरूर बसवा. डेबियनवर त्याच नावांची पॅकेजं आहेत.

दिसणं आणि वागणं

होम डिरेक्टरीतल्या .विशआरसी आणि .टीसीएलएसएचआरसी या फाइली प्रॉम्प्टवर हाताने काम करताना वाचल्या जातात. स्क्रिप्ट फाइल चालवताना त्या वाचल्या जात नाहीत, म्हणून स्क्रिप्टला लागणारी कोणतीही गोष्ट तिथे ठेवू नका. टीसीएलएसएचच्या प्रॉम्प्टवर बाणाच्या कळांनी मागची ओळ येत नाही, हे पहिल्यांदा फार खटकतं. आरएलरॅप नावाचं छोटं साधन बसवून आरएलरॅप टीसीएलएसएच असं चालवा.

जास्त रिझोल्यूशनच्या पडद्यावर टीकेची अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला, कोणतंही बटण बनवायच्या आधी, टीके स्केलिंग २.० ही ओळ घाला. हा आकडा म्हणजे एका पॉइंटला किती पिक्सेल. इंचाला ७२ पिक्सेल असतील तर तो १ होतो, ९६ ला सुमारे १.३३. नुसता फॉन्ट मोठा हवा असेल तर:

फॉन्ट कॉन्फिगर टीकेडिफॉल्टफॉन्ट -साइझ १२

यातलं नाव सलग लिहायचं. टी, डी आणि एफ मोठे. आकाराचा आकडा धन असेल तर पॉइंट, ऋण असेल तर पिक्सेल.

युनिक्सवर टीकेचं मूळ रूप नव्वदीच्या दशकातल्या मोटिफसारखं आहे. ८.५ पासून टीटीके नावाचे नवे घटक आले. टीटीके::स्टाइल थीम यूज क्लॅम ही ओळ दिली की खिडकी बरीच सुटसुटीत दिसते.

पहिला प्रोग्राम

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह विश
पॅकेज रिक्वायर टीके
टीटीके::लेबल .एल -टेक्स्ट "नमस्कार"
टीटीके::बटन .बी -टेक्स्ट "बंद करा" -कमांड एक्झिट
ग्रिड .एल .बी -पॅडएक्स ८ -पॅडवाय ८

दुसऱ्या ओळीत टीकेचा टी मोठा हवा. .एल आणि .बी ही नावं आपण ठरवलेली. नुसता बिंदू म्हणजे मुख्य विंडो आणि बिंदूपुढचं नाव म्हणजे तिच्यातला घटक. फाइल पहिली.टीसीएल या नावाने ठेवा, चमॉड +एक्स ने चालवण्याजोगी करा आणि चालवा. पहिल्या ओळीत विशचा थेट पत्ता न देता एन्व्हकडून शोधून घेतला आहे, त्यामुळे पाथमध्ये सर्वांत पुढे असलेली आपलीच प्रत वापरली जाते.

घटक मांडायला मुख्यतः ग्रिड आणि पॅक या दोन पद्धती वापरतात. एकाच विंडोत दोन्ही मिसळू नका. ८.६ असं केल्यास स्पष्ट चूक दाखवते, ८.५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत प्रोग्राम कायमचा गोठायचा.

दूरच्या मशीनवरून

सर्व्हरवर एसएसएचने शिरून विश चालवल्यावर ‘डिस्प्लेचं नाव नाही’ असा संदेश आला, तर टीकेला विंडो कुठे काढायची हेच माहीत नाही. एसएसएच -एक्स असं लॉगिन करा, त्यातला एक्स मोठा. सर्व्हरवर एक्सऑथ बसवलेलं असावं आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग चालू असावं. डिस्प्लेची किंमत स्वतः हाताने भरू नका, ती एसएसएच भरतो. वेलँड असलेल्या नव्या डेस्कटॉपवर टीके एक्सवेलँडमार्फत चालतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पडदाच नसलेल्या सर्व्हरवर चाचण्या चालवायच्या तर एक्सव्हीएफबी-रन विश पहिली.टीसीएल.

जुने लोक अशा वेळी एक्सहोस्ट + द्यायला सांगतात. तो सल्ला ऐकू नका. त्याने तुमचा पडदा नेटवर्कवरच्या कुणालाही मोकळा होतो. टीकेच्या सेंड कमांडने एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामात कोड चालवू शकतो, आणि म्हणूनच अशा उघड्या पडद्यावर टीके स्वतःहून सेंड नाकारतो.

मराठी अक्षरं

आपल्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही.

‘नमस्कार’च्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसली तर दोष एन्कोडिंगचा. ८.६ स्क्रिप्टची फाइल वाचताना मशीनच्या लोकेलवर (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवर) विसंबते, आणि लँग सी असेल तर यूटीएफ-८ मधली देवनागरी तिला कळत नाही. लोकेल यूटीएफ-८ चं करा, किंवा तेवढ्यापुरतं विश -एन्कोडिंग यूटीएफ-८ पहिली.टीसीएल असं चालवा. ९.० मध्ये हा प्रश्न उरलेला नाही.

अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. एफसी-लिस्ट :लँग=एमआर ही कमांड मराठी लिहू शकणारे फॉन्ट दाखवते. यादी रिकामी असेल तर लोहित किंवा नोटो देवनागरी बसवा.

तिसरी अडचण अशी सुटत नाही, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. एक्सवर टीके ८.६ आणि ९.० एकेक अक्षरचिन्ह ओळीने मांडत जातात. देवनागरीला लागणारी जुळणी, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, जोडाक्षर बनवणं, रफार वर चढवणं, त्यात होत नाही. ‘किल्ला’ लिहिलंत तर वेलांटी क नंतर येते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. तोच प्रोग्राम मॅकवर किंवा विंडोजवर नीट दिसतो, कारण तिथे ही जुळणी ऑपरेटिंग सिस्टिम करते. मजकूर आत मात्र अचूक असतो: फाइलीत लिहिला, डेटाबेसात ठेवला, कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवला तर सगळं जागच्या जागी. आयबस या टायपिंगच्या साधनाने एंट्रीच्या चौकटीत मराठी टाइपही करता येतं; त्यासाठी एक्समॉडिफायर्सची किंमत @आयएम=आयबस अशी हवी.

त्यामुळे लिनक्सवर मोठा मराठी मजकूर दाखवायचा प्रोग्राम टीकेत करू नये असंच मी सांगेन. चार-दोन शीर्षकं आणि बटणांवरचे शब्द एवढंच हवं असेल तर मार्ग आहे. पँगो नावाची मजकूर मांडणारी लायब्ररी ही जुळणी व्यवस्थित करते, तेव्हा शब्दाचं चित्र तिच्याकडून काढून घ्यायचं. डेबियनवर पँगो१.०-टूल्स बसवा आणि:

पँगो-व्ह्यू -क्यू --टेक्स्ट="किल्ला" -ओ शीर्षक.पीएनजी

मग स्क्रिप्टमध्ये:

इमेज क्रिएट फोटो चित्र -फाइल शीर्षक.पीएनजी
टीटीके::लेबल .एम -इमेज चित्र

पीएनजी वाचायची सोय ८.६ पासून टीकेतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

टीसीएलमध्ये महिन्यांची नावं मराठी आणि कोंकणीतही येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. यूटीएफ-८ समजणाऱ्या टर्मिनलमध्ये टीसीएलएसएच उघडून ही ओळ द्या. टक्क्यापुढचा बी मोठा लिहा:

पुट्स [क्लॉक फॉरमॅट [क्लॉक सेकंड्स] -फॉरमॅट %बी -लोकेल एमआर]

चालू महिन्याचं मराठी नाव छापलं जाईल. एमआरच्या जागी केओके लिहिलं की कोंकणी.